‘पूर्वजांनी टाकलेली भाषा’: आयरिश शिकणाऱ्या प्रौढांवरील आक्षेपांना उत्तर

आजोबा-पणजोबा आयर्लंडचे, पण स्वतः अमेरिकेत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात वाढलेले अनेक जण हल्ली चाळिशी-पन्नाशीत आयरिश भाषा, तिच्या स्वतःच्या नावाने ‘गेलगे’, शिकायला घेतात. त्यांच्याविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. आयरिश ही मेलेली भाषा आहे, पूर्वजांनीच ती स्वखुशीने टाकली, या वयात ती येत नाही, आणि आली तरी घराण्याविषयी काही कळत नाही, कारण सगळे कागद इंग्रजीत आहेत, असा त्याचा आशय असतो. मी नोकरीनिमित्त आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गॉलवेत राहतो आणि तिथल्या संध्याकाळच्या वर्गात अशा विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून ही भाषा शिकतो. माझे पूर्वज तिथले नाहीत, त्यामुळे या वादात माझा घरचा हक्क काही नाही. तरीही हा दावा मुद्द्यामुद्द्याने तपासला पाहिजे असे मला वाटते, कारण तो ऐकून वर्ग सोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिला मुद्दा ‘मेलेल्या भाषे’चा. शेजारच्या आइल ऑफ मॅन बेटावरची मँक्स ही आयरिशची सख्खी बहीण. तिचा शेवटचा जन्मजात भाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारला आणि आईच्या तोंडून मुलाच्या कानी जाणारी तिची परंपरा तिथे तुटली. आयरिशच्या बाबतीत ती कधीच तुटलेली नाही. डोनेगल, कॉनेमारा, केरी येथील गेलताख्त म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यांत आजही मुले ही भाषा घरात ऐकत वाढतात. १९७२ पासून तिचे स्वतंत्र रेडिओ केंद्र आहे, १९९६ पासून दूरचित्रवाहिनी आहे आणि २००७ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. अर्थात आकड्यांची उजळ बाजू तेवढी दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले, पण शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८ च निघाले, आणि त्यांतले गेलताख्तातले २०,२६१. भाषा संकटात आहे, याविषयी दुमत नाही. परंतु आजारी माणसाला मृत ठरवणे आणि मग त्याच्या उशाशी बसणाऱ्यांना वेडे म्हणणे, हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे: ‘पूर्वजांनी स्वखुशीने टाकली.’ यात सत्याचा एक अंश आहे आणि तो आधी मान्य करतो. एकोणिसाव्या शतकात अनेक आईबापांनी मुलांशी ठरवून इंग्रजी बोलायला सुरुवात केली. डॅनियल ओकॉनेलसारखा लोकनेता स्वतः आयरिशभाषक असूनही तिच्या ऱ्हासाची खंत बाळगत नव्हता. मात्र हा निर्णय कोणत्या परिस्थितीत झाला, हे दावा करणारे सांगत नाहीत. १७३७ च्या कायद्याने न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालवणे बंधनकारक केले होते. १८३१ पासून उभ्या राहिलेल्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून होते. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात ‘बाता स्कोर’ नावाची काठी अडकवत, तो आयरिश शब्द बोलला की तिच्यावर एक खाच पाडत आणि खाचा मोजून शिक्षा करत. त्यानंतर बटाट्याचे पीक कुजले आणि मोठा दुष्काळ पडला. १८४१ मध्ये सुमारे ८१ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि सर्वाधिक आघात पश्चिमेकडच्या व नैर्ऋत्येकडच्या, म्हणजे नेमक्या आयरिशभाषक भागांवर झाला. १८५१ च्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक आयरिशभाषक उरले होते, आणि त्यांतल्या सुमारे ३ लाख २० हजारांना दुसरी भाषाच येत नव्हती. ज्या बापाला आपला मुलगा उद्या बोस्टनच्या गोदीवर काम मागणार हे दिसत होते, त्याने मुलाला इंग्रजी दिली. त्याला स्वखुशी म्हणणे म्हणजे कर्जापायी विकलेल्या जमिनीला दान म्हणण्यासारखे आहे.

शिवाय बोटीत चढताना सर्वांनी भाषा किनाऱ्यावर ठेवली, हेही खरे नाही. १८८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये, जे तेव्हा वेगळे शहर होते, गॉलवे परगण्यातून गेलेल्या मिहॉल ओ लोखॉन यांनी ‘अन गेल’ हे द्विभाषिक मासिक सुरू केले. भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी डब्लिनमध्ये १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली, त्याच्याही बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परदेशात राहून ही भाषा शिकणे हे आजचे खूळ नाही.

तिसरा मुद्दा वयाचा. उच्चार कठीण आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. व्यंजन कोमल की कठोर एवढ्यानेच अर्थ बदलतो; ‘बो’ म्हणजे गाय आणि ‘ब्यो’ म्हणजे जिवंत. शब्दांची आद्याक्षरेही वाक्यात बदलतात. पण प्रौढांना ती येतच नाही, याला उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या शॉज रोड या वस्तीने फार पूर्वी उत्तर दिले आहे. मोठेपणी आयरिश शिकलेल्या काही तरुण जोडप्यांनी १९६९ पासून तिथे शेजारी-शेजारी घरे बांधली आणि मुलांशी फक्त आयरिश बोलायचे ठरवले. १९७१ मध्ये त्यांनी नऊ मुलांची शाळा काढली, जिला सरकारी अनुदान मिळायला १९८४ उजाडले. आज उत्तर आयर्लंडमध्ये हजारो मुले आयरिश माध्यमात शिकतात. मराठी माणसाला तर या भाषेत काही ओळखीचेही सापडते. ‘ता ओक्रस ओरम’ म्हणजे शब्दशः ‘माझ्यावर भूक आहे’. भूक मला लागते, मी तिचा कर्ता नसतो, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

शेवटचा मुद्दा कागदांचा. चर्चच्या नोंदवह्या लॅटिन किंवा इंग्रजीत आहेत, हे खरे. पण १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे अर्ज जपलेले आहेत, कोणालाही ते फुकट पाहता येतात आणि त्यांत भाषेचा एक रकाना आहे. केवळ आयरिश येत असेल तर ‘आयरिश’ लिहायचे, दोन्ही येत असतील तर ‘आयरिश व इंग्रजी’, अन्यथा रकाना कोरा ठेवायचा, अशी सूचना त्यावर छापलेली आहे. ज्यांचे पूर्वज आयरिशभाषक नव्हतेच, त्यांना तेही इथेच कळते. आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५० हजार शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहिलेल्या लोककथांचा, उपचारांचा आणि गावठाणांच्या आठवणींचा जो संग्रह आहे, त्यातला काही भाग आयरिशमध्ये आहे. तेवढे कागद तरी इंग्रजीत नाहीत.

वर्गातल्या एका साठीच्या बाईंनी आपल्या पणजोबांच्या घराचा १९११ चा अर्ज मला दाखवला. पणजोबा-पणजींसमोर ‘आयरिश व इंग्रजी’ लिहिलेले होते आणि खालच्या सहाही मुलांसमोर रकाना कोरा होता. त्याच गावच्या शाळेतल्या वहीचे एक पान त्यांनी गेल्या हिवाळ्यात शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. विहिरीविषयीचे ते दीड पान वाचायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली.