स्ट्रेंग्थ ९२, तरी चित्र फुटतंय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सावंतवाडीहून तुम्ही लिहिलंय, ‘फ्री डिशच्या बॉक्सवर स्ट्रेंग्थ ९२ दिसते, तरी पाऊस आला की चित्र फुटतं. म्हणजे बॉक्सच गेलाय. तुम्ही मात्र उगाच लोकांना डिश हलवायला लावता.’ डिशवाल्याने लाइन अ‍ॅम्प्लिफायर (केबलमधला सिग्नल वाढवणारं उपकरण) सुचवल्याचंही लिहिलंय. तो खर्च तूर्त करू नका.

स्ट्रेंग्थची पट्टी केबलमधून एकूण किती ताकद येते तेवढंच मोजते. त्यात जीसॅट-१५ चा, म्हणजे फ्री डिशच्या उपग्रहाचा, सिग्नल किती आणि नुसती खरखर किती, हे तिला कळत नाही. एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा डबा, जे काही मिळेल ते निदान लाखपट वाढवून खाली पाठवतो आणि त्यात त्याची स्वतःची खरखरही येते. म्हणून डिश भिंतीकडे वळवली तरी पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसू शकते. सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगणारी दुसरी पट्टी, क्वालिटी, तेवढी शून्यावर येते. अ‍ॅम्प्लिफायर लावणं म्हणजे खरखरणाऱ्या रेडिओचा आवाज मोठा करणं. केबल फार लांब असेल तर त्याचा उपयोग, घरच्या पंधरा-वीस मीटरला नाही.

अजून पटत नसेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी अकराच्या सुमारास बॉक्सवरचे आकडे बघा. तेव्हा काही दिवस सूर्य थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आभाळ निरभ्र, स्ट्रेंग्थ कमी व्हायच्या ऐवजी उलट किंचित चढते, आणि क्वालिटी कोसळते. सूर्याची खरखर पट्टीला सिग्नलच वाटते!

पावसाचंही तसंच. फ्री डिश ज्या लहरींवर येते त्या केयू बँडचा सिग्नल पाण्यात विरतो आणि पाऊस स्वतःची खरखर वर घालतो, त्यामुळे स्ट्रेंग्थ फारशी उतरत नाही. डिजिटल चित्र हळूहळू अंधूक होत नाही. एका मर्यादेपर्यंत स्वच्छ, त्याखाली चौकोन चौकोन. कोरड्या दिवशी तुम्ही त्या मर्यादेच्या जेमतेम वर असणार, म्हणून सरीसरशी घसरता. ‘क्वालिटी ८० हवीच’ हे दुकानदाराचं म्हणणं सोडून द्या. टक्के प्रत्येक बॉक्सचे वेगळे, शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

बॉक्सवर संशय असेल तर पाऊस चालू असताना तो शेजाऱ्याच्या केबलला लावून बघा, पाच मिनिटांत निकाल. तिथे नीट चालला तर आधी आग्नेयेकडचा माड बघा. आपली डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. तुमच्याकडून हा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर आहे. उन्हाळ्यात आड न येणारी झावळी जुलैत भिजून लोंबली की आड येते. मग एलएनबीच्या टोकाचा कनेक्टर उघडा. तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. शेवटी एलएनबी धारकातल्या धारकात किंचित फिरवा, नजर फक्त क्वालिटीवर. डिशजवळचं हे काम उघडीप असतानाच, ओल्या कौलांवर चढू नका.

त्यानंतर क्वालिटीचे दोन आकडे कळवा, एक कोरड्या दिवसाचा आणि एक भर सरीतला.