मूर्ती न ठेवता मूर्तिपूजा कशी करावी : होतकरू भाविकांसाठी थोडं मार्गदर्शन

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मूर्तिपूजा हा कायम दुसऱ्याचा प्रॉब्लेम असतो. आपण ख्रिस्ती लोक, आपल्याकडे देव्हारा नाही, भिंतीवर फार तर वचनाचं कॅलेंडर, त्यामुळे दहा आज्ञा वाचताना कोरीव मूर्तीची ओळ आली की जरा आवाज चढवायचा आणि वाचता वाचता खिडकीतून शेजारच्यांकडे एक नजर टाकून घ्यायची. आता पवित्र शास्त्रात यशया, यिर्मया, होशेय, आमोस या संदेष्ट्यांनी मूर्तींवरून जो काही आरडाओरडा केलाय तो बहुतेक आपल्याच माणसांवर केलाय, म्हणजे मंदिरात जाणारे, सण पाळणारे, अर्पणं देणारे, त्यांच्यावर. पण हे कोणाला सांगत बसू नका, मूड जातो.

तर वासरू करायचंय ना, मग त्याला वासरू म्हणायचं नाही. नवशिके इथेच मार खातात, त्यांना वाटतं मूर्तिपूजा म्हणजे देवाला सोडून दुसऱ्याच कोणाला तरी धरायचं. छे छे. मोशेच्या थोरल्या भावाकडे, अहरोनाकडे बघा. मोशे सीनाय डोंगरावर चाळीस दिवस जाऊन बसलेला, खाली लोकांना दम निघेना, अहरोनाने बायकापोरांच्या कानातली सोन्याची कुंडलं गोळा केली, कोरणी हातात घेतली, वासरू केलं, पुढे वेदी बांधली आणि मग जाहीर काय केलं, तर उद्या परमेश्वराचा उत्सव आहे. परमेश्वराचा! देव बदललाय असं कोणाला वाटलंच नाही, उलट देव जरा जवळ आला, दिसायला लागला, हलवायला सोपा झाला. यातच सगळी मेख आहे. देवाला नाकारायचं नसतं हो, त्याला आपल्या सोयीचा करून घ्यायचा असतो.

आणि पकडले गेलात तरी घाबरू नका, उत्तरही अहरोनानेच देऊन ठेवलंय. मोशे खाली येऊन विचारतो हे काय केलंस, तर म्हणतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. निर्गम ३२:२४, काढून बघा, मी पदरचं काही घालत नाहीये. वीसच ओव्या आधी स्वच्छ लिहिलंय की त्याने कोरणीने आकार दिला, पण धाकट्या भावापुढे विषय आपोआप बाहेर आला. हे उत्तर कमिटीच्या वार्षिक सभेत फार कामाला येतं, बांधकाम फंडाचं काय झालं असं कोणी विचारलं की सांगायचं, आम्ही पैसे टाकले आणि ही शेड बाहेर आली.

यराबाम राजाकडून मार्केटिंग शिकून घ्या. शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे झाले, याच्याकडे उत्तरेकडचं आलं पण मंदिर राहिलं तिकडे यरुशलेमात, लोक सणाला तिकडे गेले तर परत येतील की नाही ही खरी भीती. ती काय उघड बोलायची असते का, म्हणून तो म्हणाला तुम्हाला यरुशलेमला जायचा फार त्रास होतो. किती ती काळजी! मग सोन्याची दोन वासरं, एक बेथेलला आणि एक दानला, म्हणजे दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या दोन्ही टोकांच्या लोकांना घराजवळ, शिवाय आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी स्वतःच्या मनाने ठरवलेला नवा सण. या दानच्या जुन्या टेकाडावर, तेल दानला, १९६६ पासून उत्खनन झालं, पूजास्थानाचा मोठा चौथरा सापडला, वासरू काही सापडलं नाही. त्याची चिंता नको, वासरं आपण दर पिढीत नवीन करतोच.

पण मला विचाराल तर या विषयातला खरा गुरू मीखा. संदेष्टा मीखा नाही, शास्ते नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातला, एफ्राईमच्या डोंगराळ भागातला. मंडळीत याच्यावर उपदेश झाल्याचं ऐकलंय का कधी? नाहीच होणार. या पठ्ठ्याने स्वतःच्या आईचे ११०० शेकेल रुपे, म्हणजे चांदी, चोरले, आईने चोराला शिव्याशाप दिले, ते ऐकून घाबरून हा म्हणतो अगं मीच घेतले, आणि आई लगेच काय म्हणते तर परमेश्वर माझ्या लेकराचं भलं करो. मग ती म्हणाली हे रुपं मी परमेश्वराला वाहिलंय, त्याची मूर्ती करू, आणि सोनाराला दिले २००. उरलेल्या ९०० चं काय झालं यावर शास्त्र गप्प आहे, खजिनदारांनी नोंद घ्यावी. देवघर झालं, एफोद म्हणजे याजकाचं वस्त्र झालं, आधी घरातल्याच एका पोराला याजक करून टाकलं, पण घरचा माणूस कितीही झालं तरी घरचाच. तेवढ्यात बेथलेहेमकडून एक लेवी, म्हणजे याजकांच्या वंशातला, तरुण नोकरी शोधत आला. त्याला वर्षाला दहा शेकेल, अंगावरचे कपडे आणि दोन वेळचं जेवण यावर ठेवून घेतला, आणि मग मीखाने जे वाक्य म्हटलंय ते फ्रेम करून हॉलमध्ये लावण्यासारखं आहे, की आता परमेश्वर माझं कल्याण करणार हे मला कळलं, कारण लेवी माझा याजक झालाय. माणूस आपल्या पगारावर म्हणजे देव आपल्या खिशात, पाळकसाहेबांशी वागताना हे सूत्र कधी विसरू नका.

पुढे दान वंशाचे ६०० हत्यारबंद लोक आले आणि देवघर उचलून चालले. लेवी म्हणाला अहो हे काय करता, तर ते म्हणाले तोंडावर हात ठेव, एका घराचा याजक होणं बरं की अख्ख्या वंशाचा? आणि पुढचं वाक्य, याजकाच्या मनाला आनंद झाला. बदलीत प्रमोशन मिळालं की होतो आनंद, त्याला नावं ठेवू नका. मीखा बिचारा गाववाल्यांना घेऊन मागे धावला आणि ओरडला, मी केलेले देव तुम्ही नेलेत, याजक नेलात, आता माझं राहिलं काय? तर ते म्हणाले आवाज कमी कर, आमच्यातली काही पोरं तापट आहेत. मीखा गुपचूप घरी. तर टीप अशी की देव हाताने केलेला असेल तर कुलूप चांगलं बघून घ्या. आणि हा लेवी कोण होता माहितीये का, गेर्षोमचा योनाथान, म्हणजे खुद्द मोशेच्या घरातला. ही गोष्ट पुढच्या नकलनवीसांना एवढी लागली की हिब्रू प्रतीत त्यांनी मोशेच्या नावात एक बारीक अक्षर वरच्या बाजूला टांगून ते मनश्शे असं वाचता येईल अशी सोय केली. खानदानाची अब्रू कशी झाकायची याचं यापेक्षा जुनं उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

आता म्हणाल एवढा खर्च कोण करतो. मग वचन वापरा, फुकट आहे. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, हे गाडीच्या मागच्या काचेवर, व्हॉट्सअॅप स्टेटसला, मुलीच्या बारावीच्या हॉलतिकिटावर, कुठेही चिकटतं. फक्त २९:१० कोणाला वाचू देऊ नका, त्यात हे हित बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढल्यावर होईल असं म्हटलंय, म्हणजे ज्यांना पत्र लिहिलं त्यातले बरेचजण तोवर वारलेले असणार, आणि तोपर्यंत काय करायचं तर घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात बंदी होऊन गेलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं स्टिकरवर मावत नाही. बायबल उशाखाली ठेवलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, ही पद्धतही चालू ठेवा, वाचायची गरज राहत नाही. इस्राएली लोकांनी हेच कराराच्या कोशाचं, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचं, केलं होतं, पलिष्ट्यांशी लढाई हरले तर म्हणे कोश रणांगणावर आणा, तो वाचवेल. आणला, पृथ्वी दुमदुमेल एवढा जयघोष केला, त्या दिवशी ३०,००० पायदळ पडलं आणि कोशही गेला. पण जयघोष मात्र एक नंबर झाला होता.

पैशाचा विषय नाजूक आहे. पौल कलस्सैकरांस पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हणून मोकळा झालाय, आणि येशूने तर धनाला देवाच्या समोरच्या खुर्चीत बसवून सांगितलं की दोघांची चाकरी जमणार नाही. आपण जमवून दाखवलंय. कापणीच्या सणाला लिलाव बघा कधी. एक पपई, बाजारात चाळीस रुपयांना मिळेल अशी, दोन माजी सेक्रेटरी समोरासमोर, पाचशे, सातशे, हजार, बाया माना वळवून बघतायत, लिलाव करणारे काका पपई डोक्याच्या वर धरून कोणाच्या नावाला किती ताणायचं हे अचूक ओळखून थांबतायत, आणि अठराशेला पपई गेली की टाळ्या, कोणासाठी टाळ्या ते विचारू नका. तशीच पंख्याची गोष्ट. पंखा दान द्या पण पात्यांवर नाव रंगवून घ्या, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', पंखा फिरला की नाव दिसत नाही ही अडचण खरी, पण ऐन उपदेशात लाइट जाते, पंखा हळूहळू थांबतो आणि अख्खी मंडळी मान वर करून तेच वाचत बसते.

शौल राजाचंही बघून ठेवा. अमालेकी या शत्रूंचं काहीच ठेवू नको असा देवाचा हुकूम, याने चांगली चांगली मेंढरं ठेवली, वाटेत कर्मेलला स्वतःचं स्मारकही उभारून आला, आणि संदेष्टा शमुवेल भेटल्यावर म्हणतो, परमेश्वराची आज्ञा पाळली हं. शमुवेल विचारतो मग कानावर हे मेंढरांचं बें बें कसलं येतंय? तर म्हणे ती परमेश्वराला अर्पण करण्यासाठीच ठेवलीत. वा! ढापलेल्या मालाचा दशमांश दिला की माल पवित्र होतो, हा शोध तेव्हाचा. शमुवेलाने त्यावर यज्ञापेक्षा आज्ञापालन बरं असं काहीतरी सुनावलं, पण जुनी माणसं अशी बोलायचीच.

जुन्या माणसांवरून आठवलं, त्यांना फ्रेममध्ये घालणं ही सर्वात सुरक्षित पद्धत. मोशेने रानात साप चावलेल्यांसाठी पितळी साप केला होता, देवानेच सांगितलं होतं, लोक बरेही झाले. आणि मग कित्येक शतकं त्याच्यापुढे धूप जळत राहिला, शेवटी हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. तेव्हाच्या कमिटीत काय गदारोळ झाला असेल, आमच्या पणजोबांच्या काळापासूनची वस्तू आहे साहेब! आपल्याकडे रेव्ह. ना. वा. टिळक आहेत. त्यांची भजनं म्हणा, तबल्यावर, डोळे मिटून. पण त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळेच ख्रिस्तभक्त एकत्र बसवायला निघाले, हा भाग जयंतीच्या भाषणात दोन मिनिटांत उरका, नाहीतर कोणीतरी विचारेल आपण कधी बसवतो म्हणून.

इकडे काही वाचक म्हणतील, आम्ही तर प्रॉटेस्टंट, मूर्ती फोडणारे, आमचा काय संबंध. तुमच्यासाठी तर वेगळी खोलीच राखून ठेवलीये. झ्युरिकमध्ये १५२४ साली चर्चमधून मूर्ती आणि चित्रं काढून भिंती पांढऱ्या केल्या, १५६६ साली नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चच्या चर्च साफ केली. त्याच काळात जिनिव्हात बसून प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने लिहून ठेवलंय की माणसाचं मन हा मूर्तींचा सतत चालणारा कारखाना आहे. माणूस शब्दाचा पक्का, आपल्या कबरीचंही काही होऊ नये म्हणून १५६४ साली खुणेशिवाय पुरून घेतलं. मग त्याच्या जन्माला चारशे वर्षं झाली म्हणून १९०९ मध्ये त्याच जिनिव्हात स्मारकाची भिंत बांधायला घेतली, आणि तिच्या मधोमध चार दगडी पुतळे, प्रत्येकी पाच मीटर उंच, त्यातला एक कॅल्व्हिन. कारखाना बंद पडला नाही हे सिद्ध झालं. पुतळ्याचं सोडा, मूर्ती फोडल्याचा अभिमान हीसुद्धा घडवायला छान वस्तू आहे, जागा लागत नाही आणि धूळ बसत नाही.

राहिली खरी उपासना. हा प्रकार शक्यतो टाळावा. शोमरोनी बाईने विहिरीवर येशूला सरळ विचारलं होतं, उपासना कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमात, आणि तो म्हणाला दोन्हीकडे नाही, आत्म्याने व खरेपणाने. या उत्तराने वादच संपतो, आणि वाद संपला तर गावात तीन वेगवेगळ्या मंडळ्या चालवायच्या कशा? यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासाची यादी आहे, भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, बेघराला घरात घे, उघड्याला पांघरूण घाल. त्यापेक्षा गुड फ्रायडेला दुपारपर्यंत पाणी न पिणं स्वस्त पडतं. आणि आमोस तर साउंड सिस्टीमच्या मुळावर उठलेला, देव म्हणतो तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमचे सण मला नकोत, त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आपण नुकताच नवीन मिक्सर घेतलाय, हप्ते चालू आहेत.

असा एखादा आमोस तुमच्याही मंडळीत निघेल, बहुधा मागच्या बाकावरचा, आणि एवढा खर्च साउंडवर केला पण झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार किती वर्षं तोच आहे असं भर सभेत विचारेल. त्याच्याशी शास्त्रावरून वाद घालू नका, हराल. बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला कसं हाताळलं ते वाचा, सातवा अध्याय. आधी राजाकडे निरोप पाठवला की हा कट करतोय, मग त्याला म्हणाला, तू यहूदात जा, तिकडे पोट भर, तिकडे संदेश दे, इथे नको, हे राजाचं पवित्रस्थान आहे. त्याचंही शिक्षण विचारा, आमोस स्वतःच कबूल करतो की मी संदेष्टा नाही की संदेष्ट्याचा मुलगा नाही, मेंढरं राखतो आणि उंबराची फळं गोळा करतो. झालं, पात्रता नाही. संडे स्कूलच्या यादीतून नाव कमी करा, मिनिट्समध्ये 'सविस्तर चर्चा झाली' एवढं लिहा, आणि मावशींना सांगा सगळ्यांना चहा आणा म्हणून.