डायरेक्ट डेबिट बंद करण्याआधी एवढं वाचा

थंडी तोंडावर आली की ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर गॅस-विजेच्या बिलाबद्दलचा एक फॉरवर्ड फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सूर तोच. "तुमची फिक्स्ड डील संपली की कंपनी तुम्हाला न विचारता नव्या फिक्स्ड डीलवर टाकते. हे बेकायदेशीर आहे. एकदा अडकलात की वर्षभर सुटका नाही, सोडायचं तर दंड. प्राइस कॅपवर राहा, म्हणजे वर्षाचं बिल 1,755 पौंडांच्या वर जाऊच शकत नाही. ताबडतोब डायरेक्ट डेबिट बंद करा." खाली जोडलेल्या हातांची रांग आणि ‘सर्वांना पाठवा’.

फिक्स्ड डील म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दर बांधून दिलेला करार, प्राइस कॅप म्हणजे नियामकाने दरावर घातलेली कमाल मर्यादा, आणि डायरेक्ट डेबिट म्हणजे बँक खात्यातून दर महिन्याला आपोआप वळते होणारे पैसे. फॉरवर्डमधलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची चुकीची आहेत, आणि शेवटचा सल्ला ऐकलात तर खिशाला भुर्दंड बसेल.

"न विचारता टाकतात, हे बेकायदेशीर आहे"

अर्धं खरं ते हेच. तुमच्या कराराची मुदत संपली आणि तुम्ही काहीच कळवलं नाही, तर घरातली वीज तोडत नाहीत. ती चालू राहते आणि तिला कुठला तरी दर लावावाच लागतो. त्याला इथे ‘डिफॉल्ट’ दर म्हणतात. बहुतेक कंपन्या अशा वेळी बदलत्या, म्हणजे स्टँडर्ड व्हेरिएबल दरावर नेतात. पण ऑफजेमच्या, म्हणजे इथल्या ऊर्जा नियामकाच्या नियमांनुसार दुसऱ्या मुदतबंद दरावर नेण्यालाही मनाई नाही. अट अशी की मुदत संपण्याआधी तुम्हाला कळवलं पाहिजे, आणि तो डिफॉल्ट दर कंपनीच्या बदलत्या दरापेक्षा महाग असता कामा नये. म्हणजे विचारतात, पण गप्प राहणं हेच उत्तर धरतात. ही पद्धत मलाही फारशी पसंत नाही. ‘तुम्हाला काहीही करायची गरज नाही’ असं ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की कोण पुढे वाचणार? पण पसंत नसणं वेगळं आणि बेकायदेशीर असणं वेगळं.

हा फॉरवर्ड आपल्याकडे इतका पटकन पटतो, त्याला कारण आहे. आपल्यातल्या बहुतेकांची विजेच्या बिलाची समज महावितरणच्या बिलावर घडलेली. तिथे दर वीज नियामक आयोग ठरवतो. घरगुती ग्राहकाला मुदत, करार, डील हा प्रकारच माहीत नसतो. मुंबईच्या काही भागांत अदानी की टाटा, एवढीच काय ती निवड. अशा माणसाला ‘तुमचा करार संपत आहे’ असं पत्र आलं की आधी संशयच येतो.

त्यात 2021 ची भर. त्या वर्षी घाऊक बाजारात गॅस इतका महागला की पुढच्या काही महिन्यांत एकामागून एक सुमारे तीस कंपन्या बुडाल्या. सप्टेंबर 2021 मध्ये ॲव्ह्रो एनर्जी बंद पडली आणि तिचे ग्राहक ऑफजेमने ऑक्टोपस या दुसऱ्या कंपनीकडे सोपवले. त्या ग्राहकांची स्वस्तातली फिक्स्ड डील कंपनीबरोबरच गेली. न विचारता हलवलं, हे त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. पण ती बुडालेल्या कंपनीच्या ग्राहकांसाठीची सोय होती. चालत्या कंपनीतला तुमचा करार संपणं ही निराळी गोष्ट.

"अडकलात, सोडायचं तर दंड"

इथे फॉरवर्डने गंगा उलटी वाहवली आहे.

कंपनीने आपणहून लावलेल्या डिफॉल्ट दराला, तो मुदतबंद असला तरी, एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी सोडल्याचा दंड, लावता येत नाही. आज लावला, उद्या सोडलात, एक पेनी द्यावी लागत नाही. शिवाय 2018 च्या ज्या कायद्याने 1 जानेवारी 2019 पासून प्राइस कॅप आली, त्याच्या कक्षेत दोन प्रकारचे दर येतात: स्टँडर्ड व्हेरिएबल आणि डिफॉल्ट. म्हणजे आपोआप लागलेला दर कॅपखाली आहे.

कॅपखाली काय येत नाही? तुम्ही स्वतः, विचार करून, तुलना करणाऱ्या वेबसाइटवर तासभर बसून निवडलेली फिक्स्ड डील. ती कॅपपेक्षा महाग असू शकते आणि तिला एक्झिट फीही असू शकते. एका इंधनाला 50 पौंड, गॅस-वीज मिळून 100, असे आकडे सर्रास दिसतात. अडकण्याची भीती असेल तर ती तिथे बाळगा. त्यातही दोन पळवाटा आहेत. नवा करार केल्यावर पहिल्या 14 दिवसांत तो रद्द करता येतो. आणि मुदतीच्या शेवटच्या 49 दिवसांत दुसरीकडे गेलात तर एक्झिट फी माफ. कॅलेंडरमध्ये टाकायची तारीख हीच.

मग आपोआप लागलेला दर चांगला का? मुळीच नाही. तो सापळा नसला तरी सहसा बाजारातला सर्वांत स्वस्त दरही नसतो. नुकसान होतं ते वर्षभर तिथेच पडून राहिल्याने. कंपनी बदलायला आता साधारण पाच कामाचे दिवस पुरतात. घरात कुणी येत नाही, मीटर तोच, नळी तीच, तारा त्याच.

"बिल 1,755 च्या वर जाऊच शकत नाही"

हा गैरसमज फक्त आपल्या ग्रुपांवरचा नाही, अख्ख्या देशाचा आहे. कॅप बिलावर नसते. ती एका युनिटच्या (म्हणजे किलोवॅट-तासाच्या) दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो-नसो द्याव्याच लागणाऱ्या ठरावीक आकारावर असते. 1,755 हा ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 चा आकडा, तोही एका काल्पनिक ‘सरासरी’ घराचा. हे घर वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस वापरतं आणि डायरेक्ट डेबिटने पैसे भरतं, असं तेव्हा धरलेलं होतं.

गणित करून बघा. त्या तिमाहीत सरासरी वीज 26.35 पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज दिवसाला 53.68 पेन्स. गॅस 6.29 पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज 34.03 पेन्स. त्या सरासरी घराचं वर्षाचं बिल विजेचे 907 आणि गॅसचे 848 पौंड, झाले 1,755. आता पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, हीटिंग दिवसभर चालू, कपडे वाळवायला ड्रायर, आणि वापर गेला 4,000 युनिट वीज आणि 17,000 युनिट गॅसवर. दर तेच, कॅप तीच, बिल 2,443 पौंड. उलट घर वर्षभर कुलूप लावून ठेवलंत तरी स्टँडिंग चार्जचे 320 पौंड आहेतच.

‘फिक्स्ड’चंही तसंच आहे. ठरलेला असतो तो दर. डायरेक्ट डेबिटची महिन्याची रक्कम हा कंपनीने बांधलेला अंदाज असतो. रीडिंग आलं की ती वर-खाली होते. ती वाढली म्हणून ‘डील मोडली’ असं होत नाही. आणि कॅप दर तीन महिन्यांनी बदलते, तेव्हा ‘कॅपवर राहा’ म्हणणाऱ्याने खाली जाण्याबरोबर वर जाण्याचीही तयारी ठेवावी. एप्रिल 2025 ला हाच आकडा 1,849 होता, जुलैला 1,720.

"ताबडतोब डायरेक्ट डेबिट बंद करा"

हे करू नका. डायरेक्ट डेबिट थांबवल्याने करार संपत नाही, वापरलेल्या विजेचे पैसे देणं चुकत नाही. होतं एवढंच की कंपनी तुम्हाला बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या गटात टाकू शकते, आणि त्या गटाची कॅपच चढी आहे. सरासरी घराला वर्षाला शंभराहून जास्त पौंडांनी. वर थकबाकीची पत्रं सुरू होतात. पुढे ही थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर उमटली तर घरकर्ज घेताना आठवण येईलच. रक्कम अवाच्या सवा वाटते? मीटरचं ताजं रीडिंग द्या आणि ही रक्कम कशी काढली ते विचारा. सांगणं त्यांना भाग आहे. खात्यात बरीच शिल्लक साठली असेल तर ती परत मागा. तक्रार अडली तर एनर्जी ओम्बड्समन आहे, ग्राहकाला फुकट.

एक प्रकार मात्र खरोखर चुकीचा: तुम्ही काही न करता पुरवठादार कंपनीच बदलली. असं बहुधा पत्त्याच्या घोळातून होतं, फ्लॅट 12 च्या माणसाने अर्ज केला आणि मीटर हलला 12अ चा. तिथे बिलावरचा विजेचा 13 आकडी मीटर पॉइंट क्रमांक पडताळा आणि जुन्या किंवा नव्या, कुठल्याही एका कंपनीला कळवा. तुम्हाला परत जागेवर आणून सोडणं ही त्यांची जबाबदारी आहे.

बेलफास्टच्या मंडळींनी यातलं काहीच स्वतःला लावून घेऊ नये. उत्तर आयर्लंड ऑफजेमच्या हद्दीत येत नाही. तिथला नियामक वेगळा, आणि ही प्राइस कॅपही तिथे नाही.