चीज टाकू का, सर?

परवा एका हॉटेलात सीफूड पास्ता मागवला. ७४५ रुपये, वर टॅक्स. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं काही त्या एकट्याचं नाही.

समोर आली खोलगट बशी, तीत व्हाइट सॉसचं तळं आणि तळ्यात बुडालेलं पेने. माकुळाच्या (स्क्विडच्या) चार चकत्या, चावून चावून जबडा दुखावा अशा. तीन कोळंब्या, शिजून शिजून पार शून्याच्या आकाराला आलेल्या. आणि कडेला गुलाबी असलेल्या पांढऱ्या कांड्यांचे तुकडे, ज्यांना मेन्यूत 'क्रॅब' म्हटलं होतं. या कांड्या म्हणजे पांढऱ्या माशाचा लगदा, स्टार्च, रंग आणि खेकड्याचा वास. खेकडा बहुतेक वेळा नावापुरताच. एवढं कमी म्हणून वेटर खिसणी घेऊन डोक्यावर उभा. "चीज टाकू का, सर?"

शेजारी आई बसली होती. "माश्यात दूध?" एवढंच म्हणाली आणि गार्लिक ब्रेडकडे वळली.

गंमत म्हणजे या एका बाबतीत आई आणि नेपल्समधली कुठलीही आजीबाई एकाच बाजूला उभ्या राहतील. आईचं कारण विरुद्ध आहाराचं, तिकडचं चवीचं: मासळीची नाजूक गोडी चीजखाली मरते. अपवाद तिकडेही आहेत. दक्षिण इटलीत शिनाण्यांवर (मसल्सवर) पेकोरिनो चीज खुशाल किसतात. पण ताज्या मासळीला मैदा-दुधाच्या गोधडीत गुंडाळायचं? गोधडी पांघरायची वेळ येते ती मासळीत लपवण्यासारखं काही असलं तरच, असा मला आता दाट संशय आहे.

आता स्पगेटी आल्ले वोंगोले बघा. नेपल्सकडचा पदार्थ, ख्रिसमसच्या आदल्या रात्री तिथे घरोघरी होतो. वोंगोले म्हणजे शिंपल्या, आपल्या तिसऱ्यांच्याच भाऊबंदांतल्या. ऑलिव्ह तेल, लसूण, थोडी मिरची, व्हाइट वाइन, पार्सली. संपलं. सगळी करामत पाण्यात आहे. तिसऱ्या तापल्या की तोंड उघडतात आणि खारट-गोड पाणी सोडतात. त्यात अर्धवट कच्चा पास्ता आणि तो उकळल्याचं थोडं पिठूळ पाणी घालून कढई जोरात हलवायची. त्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होऊन प्रत्येक शेवेला चकचकीत रस चिकटतो. मलईचा थेंब नाही.

आमच्याकडे एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट तिसऱ्यांचं कालवण, करताना आई तिसऱ्या विळीवर उघडते तेव्हा खाली वाडगा असतोच. ते पाणी निवळून, तळाची रेती मागे ठेवून, ती खोबऱ्याच्या वाटणात ओतते. लहानपणी मी एकदा तो वाडगा सिंकमध्ये ओतला होता. त्यानंतर काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सांगायचं ते हे, की आपल्याला यातलं सगळं कळतं. मुंबईत सिटीलाइटच्या मासळी बाजारात आई पापलेटचा कल्ला उचलून बघते, पोट दाबते, "मावशी, हा कालचा आहे" असं तोंडावर सांगते. उघड्या तोंडाची तिसरी नखाने टिचकवते. मिटली नाही तर बाजूला. आणि तीच आम्ही माणसं एसीत बसलो, मेन्यूवर 'फ्रुत्ती दि मारे' वाचलं की गरीब गाय होतो. फ्रुत्ती दि मारे म्हणजे काय, तर समुद्राची फळं. म्हणजे माकूळ, कोळंबी, तिसऱ्या, शिनाणे. बोत्तार्गा म्हणून जे महागडं प्रकरण किसून घालतात ते बोयटासारख्या माश्याची खारवून सुकवलेली अंडी, म्हणजे आपली गाबोळी! गाबोळीवरून भावंडांत मारामाऱ्या झालेल्या घरातल्या माणसाने त्या नावाला काय म्हणून बिचकायचं?

इटलीत मेन्यूवर पदार्थापुढे बारीक फुली असते. तळाला खुलासा: हे फ्रोझन आहे. न सांगता वाढलं तर तिथे ती फसवणूक धरतात. फ्रोझन वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. नीट गोठवलेली कोळंबी तीन दिवस बर्फावर लोळलेल्या कोळंबीपेक्षा केव्हाही बरी. पण सांगा ना बाबा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि त्याच दिवसांत 'कॅच ऑफ द डे'ची पाटी झळकत असते. कुठला डे?

मालवणी मसाल्यातला कोळंबी पास्ता मी आवडीने खातो, त्यामुळे शुद्धतेचा झेंडा माझ्या हातात नाही. (पार्सल मात्र मागवू नका. डबा घरी येईपर्यंत शेवयांची खीर झालेली असते.) आतापर्यंतचा सगळ्यात चांगला सीफूड पास्ता खाल्ला तो गोव्यात, मोरजीच्या एका शॅकमध्ये. काळ्या फळ्यावर खडूने नुसतं 'तिसऱ्यो' लिहिलं होतं, आणि दुपारी दोनला ते पुसलंही. संपल्या म्हणून.

तेव्हापासून जिथे नुसतं 'सीफूड' लिहिलंय तिथे मी विचारतो: नेमकं काय काय आहे, आलं कधी, आणि सॉस वेगळा मिळेल का. बायको टेबलाखालून पाय मारते. मारू दे.

गेल्या जुलैत असंच एका ठिकाणी विचारलं. पोरगा वेटर, साताऱ्याकडचा असावा बोलण्यावरून. आत जाऊन आला, इकडेतिकडे बघितलं, खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू का? आज चिकन घ्या."

चिकन घेतलं. टीप मात्र दणकून ठेवली.