अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला फरक म्हणजे उत्क्रांती नव्हे

सर, नमस्कार.

एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यावरून उत्क्रांती सिद्ध होत नाही, या माझ्या विधानाला आपण हरकत घेतली आहे. ठाण्यातल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे एमएन रक्तगट मोजले असता एमएन गटाची (म्हणजे एम आणि एन ही जनुकाची दोन्ही रूपे असलेली) मुले हार्डी-वाइनबर्ग सूत्राच्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरली (मुक्त संकर गृहीत धरल्यास, जनुकरूपांच्या प्रमाणावरून प्रत्येक गटात किती जण असावेत हे ते सूत्र सांगते), आणि ही तूट हेच उत्क्रांतीचे माप, असे आपले म्हणणे. बारावीला असेच शिकवले जाते हे खरे, पण मला ते मान्य नाही.

ठाण्यात मूळच्या आगरी-कोळी कुटुंबांपासून कोकणातून, देशावरून आणि परप्रांतातून आलेल्या कुटुंबांपर्यंत अनेक समाज राहतात, आणि बहुतेक लग्ने अजूनही आपापल्या समाजातच होतात. समजा, एका समाजात एम अ‍ॅलीलची (जनुकाच्या एम रूपाची) वारंवारिता, म्हणजे प्रमाण, ०.८ आणि दुसऱ्यात ०.२ आहे. दोन्हींत सूत्र तंतोतंत लागू पडते आणि दोन्हींत एमएन गटाचे लोक ३२ टक्के (२ × ०.८ × ०.२) निघतात. मात्र दोघांची समान संख्येने सरमिसळ करून मोजल्यास वारंवारिता ०.५ येते, सूत्र ५० टक्क्यांची अपेक्षा ठेवते आणि प्रत्यक्षात ३२ टक्केच सापडतात. एकही अ‍ॅलील कमी-जास्त झालेले नसताना १८ टक्क्यांची तूट दिसते! स्वीडनच्या वालुंड यांनी १९२८ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. उलट, अ‍ॅलीलची वारंवारिता पिढ्यान्‌पिढ्या बदलत असली, तरी मुक्त संकर होणाऱ्या मोठ्या समूहात प्रत्येक नवी पिढी जन्मतः सूत्रानुसारच असते.

उत्क्रांती म्हणजे वारंवारितेत पिढ्यांगणिक होणारा बदल; म्हणून वारंवारिता दोन वेगळ्या काळांत मोजावी लागते. आफ्रिकेतील मलावी देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन या हिवतापावरील औषधाचा वापर थांबवला. तेथील हिवतापाच्या परजीवींत प्रतिरोधी जनुकप्रकाराचे प्रमाण १९९२ मध्ये ८५ टक्के होते, ते २००० मध्ये १३ टक्क्यांवर आले. एवढी घसरण निव्वळ योगायोगाने होणे अशक्यप्राय आहे. अर्थात, छोट्या समूहात योगायोगही मोठा असतो: ५० जणांच्या समूहात ०.५ ही वारंवारिता एका पिढीत सहज ०.०५ ने हलते, ५००० जणांत मात्र जेमतेम ०.००५ ने.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी माणसापेक्षा डेंग्यूचा एडिस डास सोयीचा ठरेल, कारण त्याची पिढी काही आठवड्यांची असते आणि पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना दाद न देणारी त्याच्या सोडियम मार्गिकेच्या (चेतापेशीत सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातील उत्परिवर्तने पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्याच्या तंत्राने, ओळखता येतात. मात्र दरवर्षी त्याच वस्त्यांतून, त्याच महिन्यांत अळ्या गोळा कराव्या लागतील. ठाण्यातल्याच, पण एका वर्षी येऊरच्या आणि दुसऱ्या वर्षी कोपरीच्या अळ्या घेतल्या, तर मोजला जाईल तो जागेचा फरक, काळाचा नव्हे.