टेकडीवर पुण्य कमवायला येऊ नका

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, चालेल.

सकाळी आमचा गट टेकडीवर पक्षी-प्राण्यांसाठीचा पाणवठा घासत होता. आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी, कॉलेजात आहे, खराट्याने शेवाळ काढत होती. तेवढ्यात एक काका आले. पांढरेशुभ्र बूट, हातात कापडी पिशवी (प्लास्टिकची नाही हं, पर्यावरणप्रेमी माणूस!). पिशवीतून गहू-तांदूळ काढून पाणवठ्याच्या कडेने पसरायला लागले. मोरांसाठी म्हणे. शिवाय डब्यात कालचा दहीभात, तो कुत्र्यांसाठी. मुलगी अगदी नीट बोलली, "काका, इथे नका ना टाकू." तर काका म्हणाले, "बाळ, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी ही टेकडी चढतोय. मुक्या जिवांना दोन घास घातले तर तुझ्या पोटात का दुखतंय?" आणि मग ठेवणीतलं अस्त्र, "तुम्हाला नेमलंय कोणी इथे?"

कोणीच नाही नेमलं, काका. उन्हाळाभर पाच-पाच लिटरचे कॅन खांद्यावरून वर नेतो, रविवारी पोत्यात बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि केकचे खोके भरून खाली आणतो, ते काही कोणाच्या ऑर्डरवरून नाही. पण खरं सांगू का, या कामाचा कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो भल्या माणसांना आवरायचा. बाटल्या फोडणाऱ्याला निदान आपण चुकतोय हे माहीत असतं, हटकलं की पळतो. पुण्य करणारा भांडतो.

आता टिटवीचं सांगते. आमच्या गटातल्यांनी हे दहा वेळा ऐकलंय, त्यांनी परत ऐकावं.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या पठारावर, पायवाटेला लागूनच, टिटवीने चार अंडी घातली. घरटं कसलं, मुरमात जरासा खळगा आणि भोवती खडे. मातकट रंग, त्यावर काळे डाग, बोट दाखवलं तरी समोरच्याला दिसायची नाहीत. आम्ही काय केलं? पाटी लावली नाही, कारण पाटी लावली असती तर मोबाइल घेऊन रांग लागली असती. वाटेवर चार वाळक्या काटेरी फांद्या टाकल्या, बाजूने नवी वाट पडेल असे दगड मांडले आणि लांब उभे राहिलो. बस. लोक आपोआप वळून जायला लागले. आमच्या आजवरच्या कामातलं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि त्याचा एकही फोटो नाही.

भर दुपारी ती पाणवठ्यावर यायची, पोटाची पिसं पाण्यात भिजवायची आणि जाऊन अंड्यांवर बसायची. अंडी गार ठेवायला! पाणवठा कशासाठी घासायचा, हे मला तेव्हा नीट कळलं. कडेला उतार का ठेवायचा, पाण्यात एक दगड आणि एक काटकी का टाकायची (सरडे, खारी, मधमाश्या बुडू नयेत म्हणून), हे सगळं आम्ही त्या काकांना सांगू शकलो असतो. पण त्यांना "तुम्हाला नेमलंय कोणी" यातच रस.

मोराला तुमचे गहू नकोत हो. तो वाळवी खातो, नाकतोडे खातो, सरडे खातो, बिया वेचतो, वेळ पडली तर सापाचं पिल्लूसुद्धा गिळतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तुमच्या गच्चीवरचं कबूतर नाही. उरलेल्या धान्यावर उंदीर येतात, ते भिजलं की बुरशी धरतं. आणि दहीभातावर जमतात ती कुत्री भात संपला म्हणून घरी जात नाहीत, कारण त्यांना घर नाही. ती तिथेच राहतात. ससे पळवतात, मोरांच्या पिल्लांमागे लागतात.

टिटवीचंही तेच झालं. अंड्यांवर जवळजवळ चार आठवडे बसावं लागतं, बरेचसे झाले होते. एका सकाळी गेलो तर खळग्यात कवचाचे तुकडे, आणि बाजूच्या खडकावर भाताची पसरलेली कागदी पत्रावळ. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, पण दहीभातापुढे तिचं काही चाललं नाही.

कुत्र्यांवर माझा राग नाही, माझ्या घरी एक आहे. भुकेल्या कुत्र्याला खायला घालावं, हेही मान्य. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या २०२३ च्या केंद्राच्या नियमांतही त्यासाठी वस्तीत जागा ठरवून द्या असंच म्हटलंय. वस्तीत. टेकडीच्या पठारावर नाही.

हे लिहिताना राग जरा उतरलाय. काकांच्या घरी बोलायला कोणी नसेल, रोज डबा भरून निघणं हाच त्यांचा उद्योग असेल, काय सांगावं. आणि एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, टेकडीवरून जाणारा बालभारती–पौड फाटा रस्ता नको म्हणून उन्हात चालले, त्यात हे पांढरे बूटही असतील. ही माणसं आपलीच आहेत, म्हणून तर जास्त लागतं.

पण एवढ्यात जून येईल आणि परत चढेल राग! बॅनर, टोप्या, कंपनीचे टी-शर्ट, आणि जिथे मूळचं गवत आहे तिथेच खड्डे. अहो, गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. लावे, तित्तिर, टिटव्या त्या उघड्या माळावरच जगतात. आमच्या टेकडीवर पळस, हिवर, मोई, मेडशिंगी आपापल्या जागी उगवतात, फक्त वणव्यातून वाचली पाहिजेत. मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्पाचं झाड मागे इतकं लावलं गेलं की अजून निस्तरतोय. बरं, त्या पिढीने लागवड केली म्हणून आज सावली आहे, ठीक आहे, कबूल. पण आता बास. रोप लावायला दोनशे माणसं येतात. वणव्याआधी जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढायला, विळे घेऊन गवत कापायला या म्हटलं की सगळ्यांच्या घरी पाहुणे.

असो. रविवारी सहाला खालच्या पाणवठ्यापाशी जमतोय. पठारावर यंदाही टिटवी बसलीय, कुठे ते विचारू नका, सांगणार नाही. रोपं आणू नका, धान्य आणू नका, डबा आणायचाच तर स्वतःसाठी आणा आणि परत न्या. जाड हातमोजे असतील तर मात्र नक्की आणा, काचा फार आहेत. चहा खाली उतरल्यावर, आपापल्या पैशाने.