तो काही करत नाही हो!

काही करत नाही? चौथ्यांदा माझ्या गुंडीच्या पाठीवर चढलाय तुमचा सिंबा. अजून काय करायचं राहिलंय त्याचं?

आज सकाळी 6:40. डॉग पार्कचं फाटक ढकलून आम्ही आत पाऊल टाकतोय, तोवर तो पस्तीस किलोचा लॅब्रेडॉर मालगाडीसारखा अंगावर. गुंडी आमची देशी, पार्किंगमध्ये सापडलेली, भिजली तरी पंधरा किलो भरत नाही. तिने आधी मान फिरवली. मग शेपूट पोटाशी घेतली. मग खाली बसली. मग दात दाखवले. याहून स्पष्ट 'नको' कुठल्या भाषेत असतं? सिंबाला नाही कळलं, ठीक आहे, दीड वर्षाचं घोडं आहे ते. पण बाकावर फोन लावून बसलेल्या पन्नाशीच्या माणसाला कळू नये? शेवटी मीच मध्ये घुसले, ओल्या गवतात घसरले, गुडघा फुटला. तेव्हा कुठे साहेबांनी फोन कानापासून चार बोटं लांब धरला. "सिंबा, नो! बॅड बॉय! कम टू पप्पा!" सिंबा पप्पांकडे ढुंकून बघेल तर शपथ. वर मलाच विचारतात, "मॅडम, तुमचीचं ऑपरेशन झालंय ना? मग कसलं टेन्शन?"

अहो, हे चढणं दर वेळी पिल्लांसाठी नसतं! अंगात उत्साह मावत नाही म्हणून चढतात, बावचळले की चढतात, नुसत्या सवयीनेही चढतात. नसबंदी झालेले चढतात, माद्यासुद्धा चढतात. मालकाने उठायचं, पट्टा लावायचा, पाच मिनिटं बाजूला न्यायचं. एवढंच. पण पट्टा होता गळ्यात. मालकाच्या. मफलरसारखा.

आणि हे इंग्रजी काय प्रकरण आहे? घरात बायकोशी मराठी, भाजीवाल्याशी मराठी, कुत्रा दिसला की 'सिट बेबी, डोंट डू लाइक दॅट'. त्या बिचाऱ्याला 'ए, गप बस!' जास्त लवकर कळेल. तिकडे ती सुटत जाणाऱ्या दोरीवाली बाई, कुत्रा या टोकाला, ती त्या टोकाला, मधे आम्ही अडकलेले. शी उचलायची वेळ आली की आकाशातले पक्षी बघणारे वेगळेच. पुण्याच्या मे महिन्यात हस्की पाळणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. आणि "देशी आहे का? इंजेक्शनं दिलीत ना?" रेबीज, 9 इन 1, सगळं झालंय! तुमच्या त्या जातिवंताच्या कानात गोचीड लोंबतायत, त्या बघा आधी.

दुपारी गुडघ्याला हळद लावून मी भारतीय न्याय संहिता उघडली. कलम 291. जनावर सांभाळण्यात निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धोका माणसाच्या जिवाला किंवा मोठ्या दुखापतीचा हवा म्हणे. माझा गुडघा त्यात बसत नाही. तरी नवऱ्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. तो चहा ढवळत म्हणाला, "मग त्या आजोबांची माकडटोपी?"

झालं. डिसेंबरातली गोष्ट उकरलीच. गुंडीने एका आजोबांच्या डोक्यावरून टोपी ओढून मैदानाला तीन फेऱ्या मारल्या होत्या. आजोबा बाकाला धरून थरथरत उभे, आणि मी लांबूनच हसत ओरडत होते, "घाबरू नका आजोबा, ती काही करत नाही हो!"

पण ती टोपी होती! धुऊन, इस्त्री करून परत दिली मी. लोकरीच्या टोपीला इस्त्री केली म्हणून ती जरा आखडली, तो भाग वेगळा. सिंबाच्या पप्पांनी साधं सॉरी तरी म्हणावं की नाही? ते तर सोडाच, गडबडीत गुंडीचा नवा कोरा चेंडू सिंबा तोंडात धरून गाडीत बसून गेला. पप्पांनी काच खाली करून वर मला टाटासुद्धा केला.